नोरी खा, केल्पची पावडर मात्र परत पाठवा

खारघरच्या ताई, तुमचे प्रश्न दोन. लेक कोरियन मालिका बघत नोरीची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्यांची, पाकिटं फस्त करते, ते चालेल का? आणि थायरॉईडची गोळी चालू असलेल्या सासूबाईंना 'अँटिऑक्सिडंटचा खजिना' म्हणून केल्प या दुसऱ्या समुद्री शेवाळाची पावडर द्यावी का? पहिल्याला हो, पाकिटावरचं मीठ बघून. दुसऱ्याला सरळ नाही. अन्नतपासणीच्या लॅबमध्ये वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समुद्री शेवाळात अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिडेशनला आवर घालणारे पदार्थ, असतात, यात खोटं काही नाही. खडकावरचं शेवाळ ओहोटीला उघडं पडून उन्हात तापतं, भरतीला पुन्हा भिजतं. तो मारा सोसायला त्याच्याकडे संरक्षक रसायनं असतात. वाकामे, कोंबू अशा तपकिरी जातींत फ्युकोझँथिन आणि फ्लोरोटॅनिन, नोरीसारख्या लाल जातींत फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य. घरी बघायचंय? न भाजलेल्या नोरीचा पापुद्रा मंद आचेवर तव्यात शेका. जांभळट काळा कागद बघता बघता हिरवा होतो. लाल रंगद्रव्य उष्णतेने मोडतं आणि आत दडलेलं हरितद्रव्य दिसायला लागतं. पाकिटातली नोरी आधीच भाजलेली असते, तेव्हा त्या लाल रंगद्रव्याचं श्रेय तिला फारसं देऊ नका. पाकिटावर हे कोण छापणार!

खरी गोम मात्र पुढे आहे. परीक्षानळीत एखादा पदार्थ ऑक्सिडेशन थांबवतो, म्हणून पोटात गेल्यावरही तेच करेल असं नाही. पदार्थांची 'अँटिऑक्सिडंट क्षमता' सांगणारा ओरॅक नावाचा आकडा पूर्वी जाहिरातींत फार मिरवायचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली ती यादीच मागे घेतली, कारण त्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नव्हता. त्याही आधी, १९९४ मध्ये, फिनलंडमधल्या मोठ्या चाचणीत धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला आढळला. म्हणून अर्क, पावडर, कॅप्सूल म्हटलं की मी हात आखडता घेतो. आणि नोरीचा एक पापुद्रा भरतो जेमतेम तीन ग्रॅम. त्यात अँटिऑक्सिडंट असून असून किती असणार, तुम्हीच हिशोब करा. चवीला खावी, औषध म्हणून नव्हे.

सासूबाईंच्या बाबतीत तर मुद्दा अँटिऑक्सिडंटचा नाहीच, आयोडीनचा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि आपल्याकडे ते आयोडीनयुक्त मिठातून बहुतेकदा मिळतंच. नोरीत आयोडीन तुलनेने कमी असतं. केल्प म्हणजे कोंबूच्या कुळातलं शेवाळ. कोंबूच्या एका ग्रॅममध्येच ते २,००० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ शकतं, म्हणजे चिमूटभर जास्त पडली तरी कित्येक दिवसांचं एकदम. इतक्या आयोडीनने थायरॉईड मंदावू शकते किंवा उलट भडकू शकते, आणि गोळीचा नीट बसलेला डोस बिघडतो. पावडर सुरू झालीच असेल तर बंद करा, डबा घेऊन डॉक्टरांकडे जा, टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं काम दाखवणारी रक्ततपासणी, कधी करायची ते तेच सांगतील. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घरात कुणाला चालू असेल, तर शेवाळातल्या के जीवनसत्त्वामुळे त्यांनीही विचारल्याशिवाय रोज खाऊ नये. हिजिकी नावाचं काळं शेवाळ कुठे मिळालं तर घेऊच नका, त्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असतं.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी सुचवलंय की ऐरोलीच्या खाडीतलं शेवाळ वाळवून फुकटात काम होईल. कृपा करून नको. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी वर्षानुवर्षं त्या खाडीत उतरलंय, आणि शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून साठवतं. फ्लेमिंगो तिथे येतात म्हणून आपणही चरायला जायचं काही कारण नाही.

अँटिऑक्सिडंटच हवे असतील तर वाशीच्या बाजारातून आवळे आणा. १०० ग्रॅम आवळ्यात क जीवनसत्त्व २५० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्तच. लेकीची हौस असेल तर साधी नोरी आणून घरी शेका, चुरा करून भाजलेल्या तिळांबरोबर भातावर घाला. मीठ घालू नका, नोरीची चव मुळातच खारट असते.