सहा जणांच्या गेम टीमने स्वतःचा व्हर्जन कंट्रोल सर्व्हर (फाईलींचा प्रत्येक बदल जपून ठेवणारा) ठेवावा का? गिटी बसवलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की गेम अनरियल इंजिनवर आहे, गिटहब ही ऑनलाइन सेवा १०० एमबीच्या वरची फाईल घेत नाही, आणि ऑफिसातच गिटी, म्हणजे गिटहबसारखंच पण स्वतःच्या मशीनवर चालणारं सॉफ्टवेअर, बसवावं असं तुमच्या लीड प्रोग्रॅमरचं म्हणणं आहे. आर्टिस्ट लोकांचं म्हणणं काय, ते प्रश्नात कुठेच नाही. तिथेच माझी सटकली, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट होते. आम्हीही सहाच. आमच्या लीडने पहिल्याच मीटिंगमध्ये गिट (गिटहब आणि गिटी ज्यावर चालतात ते व्हर्जन कंट्रोल) जाहीर करून टाकलं. कारण काय, तर सगळं जग गिट वापरतं. वापरतं की! पण ते जग कोड लिहितं. गिट २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी जन्माला आलं, म्हणजे मजकुराच्या फाईलींसाठी. दोघांनी एकाच सी प्लस प्लस फाईलमध्ये वेगवेगळ्या ओळी बदलल्या तर ते बिनबोभाट जोडून देतं. यूमॅप, म्हणजे अनरियलची लेव्हल ज्यात असते त्या फाईलमध्ये जोडायला ओळीच नसतात.

व्हायचं तेच झालं. बाजारपेठेची लेव्हल होती, दोन वाड्यांमधली अरुंद बोळ, दिवेलागणीची वेळ. दुपारभर बसून मी दुकानांचे कंदील एकेक करून लावले, पायऱ्यांवर सावली नीट मोडतेय का ते बघितलं, लायटिंग बिल्ड केलं आणि पुश करायला, म्हणजे सर्व्हरवर चढवायला गेले तर रिजेक्ट. लेव्हल डिझायनरने त्याच फाईलमध्ये शत्रूंच्या गस्तीच्या जागा हलवून आधीच पुश केलं होतं. गिटचं म्हणणं सरळ होतं : तुझी ठेवू की त्याची? लीड खुर्चीतूनच म्हणाला, "अगं, मर्ज कर ना, दोन्ही जोडून टाक." काय मर्ज करू, कप्पाळ? डेडलाईन डिझायनरची होती, त्याची ठेवली. कंदील मी परत लावले.

मोठ्या फाईलींसाठी आम्ही एलएफएस वापरायचो : ही गिटची जोड खरी फाईल वेगळी साठवते आणि गिटमध्ये फक्त तिचा पत्ता ठेवते. मग लीडने त्याचं लॉक आणलं, म्हणजे एका वेळी एकानेच फाईल बदलायची. ते टाकाऊ नाही. गिटी आणि गिटलॅब (तसंच दुसरं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे चालतं, गिटॲट्रिब्यूट्स या सेटिंग्जच्या फाईलमध्ये 'लॉकेबल' लिहिलं की फाईल रीड-ओन्ली होऊन बसते. पण तुमच्याकडची प्रत ताजी आहे का, हे ते लॉक बघतच नाही. तुम्ही पुल न करता, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल न आणता लॉक घेतलंत आणि काल कोणी तीच फाईल बदलून लॉक सोडलेलं असलं, तर लॉक हातात असूनही तुम्ही जुन्याच फाईलवर घाम गाळताय. एसव्हीएन (सबव्हर्जन, गिटच्या आधीचं व्हर्जन कंट्रोल) मध्ये प्रत जुनी असेल तर लॉक मिळतच नाही, सर्व्हरवर नवी आहे म्हणून नकार येतो. नेमक्या या मुद्द्यावर आमची भांडणं व्हायची. त्याचं उत्तर ठरलेलं : "एसव्हीएन? कुठल्या जमान्यात आहेस?"

परफोर्स हे गेमवाल्यांचं व्हर्जन कंट्रोल पाच युजरपर्यंत फुकट, आम्ही सहा, लायसन्सला पैसे नाहीत. शेवटी अकाउंट्सच्या टेबलाखाली धूळ खात पडलेला डेस्कटॉप मी मागून घेतला. उबंटू, दोन हार्ड डिस्क मिरर करून (एकावरचं सगळं दुसरीवरही), अपाचे वेब सर्व्हर आणि सबव्हर्जन. यूॲसेट (अनरियलची मॉडेल, टेक्स्चर वगैरे) आणि यूमॅपला ऑटो-प्रॉप्स या सेटिंगमधून 'नीड्स-लॉक' लावलं, म्हणजे लॉक घेतल्याशिवाय फाईल बदलता येत नाही. अनरियलच्या एडिटरमध्येच सबव्हर्जन जोडता येतं : राइट क्लिक, चेक आउट, झालं लॉक. कोडही तिथेच नेला. ब्लूप्रिंट (अनरियलचं चित्ररूप स्क्रिप्ट) एका रेपोत, म्हणजे फाईलींच्या एका साठ्यात, आणि त्याचा सी प्लस प्लस क्लास दुसऱ्यात असला, की कोणाचं ना कोणाचं बिल्ड फुटतंच. यावर लीड किती चिडला ते इथे लिहीत नाही.

त्याचा शेवटचा हुकमी एक्का म्हणजे बॅकअप. गिट सर्व्हरवर रोज रात्री 'क्लोन मिरर', म्हणजे रेपोची पूर्ण प्रत काढणारी कमांड, चालायचं आणि त्याला त्याचा फार अभिमान. मी म्हटलं, जुना सर्व्हर बंद कर आणि त्या बॅकअपमधून मला एक वडाचं झाड काढून दे. काढलं त्याने. मॉडेलच्या जागी तीन ओळींची टेक्स्ट फाईल, सव्वाशे-दीडशे बाइटची. मिरर क्लोन एलएफएसच्या फाईली आणतच नाही, त्यासाठी 'एलएफएस फेच ऑल' वेगळं चालवावं लागतं. खोलीत कोणी काही बोललं नाही. मीही नाही. (थोडं बोलले.)

तर हो, सर्व्हर स्वतःचा ठेवा. ऑफिसच्या नेटवर्कवर मोठ्या फाईली पटकन येतात आणि गीगाबाइटमागे कोणाला भाडं द्यायला नको. पुण्यात असाल तर गुरुवारी लाईट जाणार हे धरूनच यूपीएस घ्या. घरून काम करणाऱ्यांसाठी टेलस्केल (ऑफिसच्या मशीनशी सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) टाका. बहुतेक कनेक्शनला पब्लिक आयपी मिळत नाही, आणि मिळाला तरी राउटरवर पोर्ट उघडे टाकू नका. एसव्हीएनचा बॅकअप त्याच्या 'हॉटकॉपी' कमांडने घ्या, चालू सर्व्हरवर घेतली तरी चालते. परफोर्स घेतलंत तर नुसतं फोल्डर कॉपी करून भागत नाही, चेकपॉइंट, म्हणजे त्याच्या डेटाबेसची प्रत, घ्यावाच लागतो. आणि कुठलं सॉफ्टवेअर ते आर्टिस्टना ठरवू द्या, कारण ज्यांच्या फाईली मर्ज होत नाहीत ते तेच. लीडला नंतर कळवलं तरी चालेल.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर खाली कोणीतरी येऊन सांगेलच. अनरियल ५ मध्ये वर्ल्ड पार्टिशन (मोठी लेव्हल तुकड्यांत ठेवायची सोय) असलेल्या लेव्हलमध्ये प्रत्येक ॲक्टरची, म्हणजे लेव्हलमध्ये ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची फाईल वेगळी असते, तिथे माझ्या कंदिलांसारखं भांडण बरंच कमी होतं. युनिटी या दुसऱ्या इंजिनमध्ये सीन टेक्स्टमध्ये ठेवता येतात, तिथे गिट इतकं छळत नाही. सगळे प्रोग्रॅमरच असतील आणि पिक्सेल आर्टचा छोटा गेम असेल तर खुशाल गिटी बसवा. एसव्हीएनमध्ये ब्रँच (कामाची वेगळी शाखा) मर्ज करणं म्हणजे डोकेदुखी, सर्व्हर बंद तर कमिट (बदल नोंदवणं) बंद, आणि ते प्रत्येक फाईलची मूळ प्रत लपवून ठेवतं, म्हणजे ८० जीबीच्या प्रोजेक्टला डिस्कवर १६० जीबी मोकळे हवेत. लॉक धरून कोणी गावाला गेलं तर 'अनलॉक फोर्स' करून सोडवावं लागतं. आमच्याकडे गणपतीत हे हमखास व्हायचं, आणि लॉक बहुतेक वेळा लीडचंच असायचं.