रोमा समाजाचे आयुर्मान कमी का?

प्रश्न : युरोपातील बहुतेक देशांत सरकारी आरोग्यव्यवस्था उत्तम असूनही रोमा (ज्यांना ‘जिप्सी’ म्हटले जाई, ते) लोक इतरांपेक्षा कमी जगतात, असे वाचनात आले. त्यांची भटकी राहणी आणि रूढी याला कारणीभूत आहेत काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मध्य आणि पूर्व युरोपातील बहुसंख्य रोमा कुटुंबे कित्येक पिढ्या एकाच ठिकाणी वस्ती करून आहेत, त्यामुळे भटकेपणाचे कारण बव्हंशी बाद होते. तफावत मात्र खरी आहे. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार रोमा स्त्रियांचे आयुर्मान एकूण स्त्रियांपेक्षा ११ वर्षांनी, तर पुरुषांचे सुमारे ९ वर्षांनी कमी आहे, आणि पाचांपैकी एकाहून अधिक जणांच्या घरात नळच नाही.

धूम्रपानाचे प्रमाण अधिक आहे, हे मान्य. पण वस्त्या कोठे आहेत तेही पाहावे. रोमानियातील क्लुज शहरातून डिसेंबर २०१० मध्ये हटवलेल्या अनेक रोमा कुटुंबांना शहराच्या कचराडेपोजवळ, पाटा रात येथे वसवण्यात आले. कोसोव्होत १९९९ मध्ये बेघर झालेल्या रोमांना संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शिशाच्या खाणीतील टाकाऊ मालाच्या ढिगांलगत छावण्यांत ठेवले, आणि मुलांच्या रक्तात शिसे आढळल्यानंतरही ती वर्षानुवर्षे तेथेच राहिली. यात रूढीचा संबंध कोठे येतो?

सरकारी सेवा मिळायला कागदपत्रे लागतात. बल्गेरियात नोंदणीकृत नोकरी नसलेल्याला आरोग्यविम्याचा हप्ता स्वतः भरावा लागतो, आणि हप्ते थकले की विम्याचे संरक्षण थांबते. अनधिकृत वस्तीत राहणाऱ्याला तर पत्त्याअभावी ओळखपत्र मिळणेही कठीण जाते.

रुग्णालयाची भीतीही निराधार नाही. चेकोस्लोव्हाकियात आणि १९९३ मध्ये त्याचे चेक प्रजासत्ताक व स्लोव्हाकिया असे दोन देश झाल्यानंतरही अनेक रोमा स्त्रियांची खऱ्या संमतीविना नसबंदी झाली. स्लोव्हाकियातील एका प्रकरणात प्रसूतिवेदना चालू असताना सही घेतली गेली होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये त्या स्त्रीच्या बाजूने निकाल दिला. चेक संसदेने भरपाईचा कायदा २०२१ मध्ये केला, तोवर अनेक पीडिता वृद्ध झाल्या होत्या. आईने असे भोगलेले असताना मुलगी नातवंडाला लस टोचून घ्यायला सहजी दवाखान्यात जाईल, ही अपेक्षा आम्हाला अवाजवी वाटते.

रोमानियाने २००२ पासून रोमा समाजातीलच स्त्रियांना आरोग्य मध्यस्थ म्हणून नेमले. आपल्या ‘आशां’प्रमाणे त्या घरोघरी जातात, लसीकरणाचा पाठपुरावा करतात, डॉक्टरशी बोलायला सोबत जातात. हा उपाय गुणकारी आहे, मात्र वस्तीत नळ आणणे किंवा कचराडेपो हलवणे त्यांच्या हाती नाही.