साडूंचं डायलिसिस आणि काकांच्या गोळ्या

"हार्टच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की किडनी जाते म्हणतात, खरं का हो?" हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, पण तोंडावर विचारणारे थोडे. बाकीचे परस्परच गोळ्या कमी करून टाकतात.

असेच एक काका (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत). साठीचे, सहा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. काकूंनी औषधांची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या), मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके संथ ठेवणारी) यांची पाकिटं वेळच्या वेळी रिकामी होत होती. ॲटोर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची) आणि टेल्मिसार्टन (बीपीची) मात्र निम्मी शिल्लक. "एक दिवसाआड घेतात. मला काल कळलं," काकू म्हणाल्या.

काका जरा वेळाने बोलले. "मॅडम, माझ्या साडूंना डायलिसिस लागलं. तेही बीपीच्याच गोळ्या घ्यायचे."

साडूंना शुगर होती का, मी विचारलं. "होती की, पंधरा वर्षं. पथ्याच्या नावानं बोंब." किडनी निकामी होण्यामागे सगळ्यात जास्त वेळा मधुमेह आणि उच्च रक्तदाबच असतात. आजाराचं बिल गोळ्यांच्या नावावर फाडलं जातं, ते असं.

पिशवीच्या तळाशी आणखी एक पाकीट होतं, डायक्लोफेनॅकचं. ते मात्र जवळजवळ संपलेलं. "ती होय, गुडघ्याची. मेडिकलवाला देतो. साधी आहे."

साधी कसली! टेल्मिसार्टनसारख्या औषधाच्या जोडीला अशी वेदनाशामक गोळी रोज पडली तर किडनीवर ताण येतो, बीपी वाढतं. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असताना पोटात रक्तस्राव व्हायची भीती वेगळीच. काका ज्या गोळ्यांना घाबरत होते त्या डॉक्टरांच्या नजरेखाली होत्या. हिचा फाइलमध्ये पत्ताच नव्हता.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखतात, हीही त्यांची तक्रार. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रासामुळे स्टॅटिन (ॲटोर्वास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) सोडलेल्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास, त्याच्या सुमारे ९० टक्के खोट्या गोळीवरही! दुखणं खरंच होतं, कारण बरेचदा धास्तीचं. तरी स्टॅटिनने स्नायूंना त्रास होतच नाही असं नाही. अंग फार दुखून लघवी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शौचाला काळं झालं (पोटातल्या रक्तस्रावाची खूण), तरीही तेच.

सगळ्यात काळजी मला पुढच्या टप्प्याची होती. उद्या हाच नियम मेटोप्रोलॉलला लावला असता तर? ते अचानक थांबवलं की छातीत पुन्हा दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. क्लोपिडोग्रेल मुदतीआधी सोडलं तर स्टेंटमध्ये (अँजिओप्लास्टीत बसवलेल्या जाळीच्या नळीत) गुठळी होण्याचा धोका.

औषध बदलणं माझं काम नाही. मी काकांकडूनच एका कागदावर त्यांच्या शंका लिहून घेतल्या, चुकलेल्या गोळ्यांसकट, आणि डायक्लोफेनॅकचं पाकीट त्याच कागदाला टाचलं. डॉक्टरांनी ते बंद केलं, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन-पोटॅशियम तपासलं, गुडघ्यासाठी वेगळा उपाय दिला आणि स्टॅटिन बदलून दिलं.

पुढच्या भेटीत काकांनी हळूच विचारलं, "अर्जुनसालीचा काढा चालेल का?"

"तोही फाइलमध्ये लिहायचा," माझ्या आधी काकूच म्हणाल्या.