संगणक शंका-समाधान : विंडोजमध्ये चालतो, बूट मेन्यूत रुसतो

प्रश्न : २०१३ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून पेनड्राइव्हवरून उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचं ठरवलं. पण सुरू करताना एफ१२ दाबा, डिलीट दाबा, काही होत नाही. सरळ विंडोज उघडतं. तिथे हाच यूएसबी कीबोर्ड छान चालतो. एका दुकानात 'मदरबोर्ड गेलाय' असं सांगितलं. बदलावा लागेल का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अजिबात नको. विंडोजमध्ये कीबोर्ड चालतोय म्हणजे कीबोर्ड, वायर आणि पोर्ट तिन्ही धड आहेत. अडचण आहे ती विंडोज येण्याआधीच्या काही सेकंदांत. तेवढा वेळ कीबोर्ड सांभाळायचं काम बायॉसचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधल्या सुरुवातीच्या प्रोग्रामचं. विंडोजचे ड्रायव्हर तेव्हा सुरूच झालेले नसतात. बायॉसने यूएसबीकडे पाहिलंच नाही, तर एफ१२ कितीही बडवा.

आधी एक साधी चाचणी. लोगो दिसताच नमलॉक दोन-तीनदा दाबा आणि कीबोर्डवरचा दिवा बघा. तो लागतोय-विझतोय? मग बायॉसला कीबोर्ड दिसतोय, तुमचं बटण चुकतंय. बूट मेन्यूसाठी, म्हणजे कंप्युटर कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीसाठी, गिगाबाइटच्या मदरबोर्डला एफ१२, असुसला एफ८, एमएसआय आणि अ‍ॅसरॉकला एफ११ लागतं. बटण दाबून धरू नका, लोगो यायच्या आधीपासून टिचक्या मारत राहा. कीबोर्डवर एफएन लॉक असेल तर तोही बघा, नाहीतर एफ१२ म्हणून तुम्ही आवाज वाढवत बसाल.

दिवा हललाच नाही, तर कॅबिनेटच्या मागे जा. निळी पोर्टं यूएसबी ३ ची. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर ही पोर्टं वेगळ्या चिपवर असायची आणि विंडोजचा ड्रायव्हर येईपर्यंत ती झोपलेलीच राहायची. कीबोर्ड मागच्या काळ्या पोर्टात थेट लावा. पुढचं पोर्ट नको, हब नको, एक्स्टेन्शन वायर नको. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरीही नाही? मग संशय दोन सेटिंग्जवर : 'फास्ट बूट' चालू आहे किंवा 'लेगसी यूएसबी सपोर्ट' (विंडोज येण्याआधी यूएसबी कीबोर्ड चालवणारं सेटिंग) बंद आहे. फास्ट बूटमध्ये सेकंद वाचवायला बायॉस यूएसबी तपासणंच टाळतो. आता पेच असा, की सेटिंग बदलायला बायॉसमध्ये जायचं आणि जायला कीबोर्ड हवा. विंडोजमधून आडवाटेने जाता येतं : शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. त्याच निळ्या स्क्रीनवर 'यूज अ डिव्हाइस' दिसलं तर तिथूनच पेनड्राइव्ह निवडा, बूट मेन्यूची गरजच नाही. हे पर्याय दिसलेच नाहीत, तर विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीऐवजी जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेलं असण्याची शक्यता मोठी.

तसं असेल तर पीएस/२ कीबोर्ड मिळवा, जांभळ्या गोल पोर्टाचा. तो कंप्युटर पूर्ण बंद करूनच लावायचा. यूएसबी कीबोर्डला छोटा कन्व्हर्टर लावून काम होईलच असं नाही. त्यात फक्त तारा जोडलेल्या असतात, पीएस/२ ची भाषा कीबोर्डलाच यावी लागते. आत गेलात की लेगसी यूएसबी सपोर्ट 'एनेबल्ड', फास्ट बूट 'डिसेबल्ड' करा आणि एफ१० दाबून सेव्ह करा.

शेवटचा उपाय सेल काढण्याचा. भिंतीवरचा प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून ठेवा, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल काढा, ५ मिनिटं थांबा आणि नवाच सेल बसवा. बारा-तेरा वर्षांचा जुना परत घालण्यात अर्थ नाही. यात बायॉसच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. नंतर विंडोज सुरू होताना निळा स्क्रीन आला तर घाबरू नका, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बदललाय. बायॉसमध्ये तो एएचसीआय असेल तर आयडीई करून बघा, किंवा उलट. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर हात लावण्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालतं. सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या पीसीवर ते टाकताना बूट मेन्यूत कीबोर्ड चालतो, पण भाषा निवडायच्या स्क्रीनवर कीबोर्ड-माउस दोन्ही मरतात.
– एक वाचक, अंबड एमआयडीसी

उत्तर : वरच्या प्रश्नाचं हे उलटं रूप. इथे बायॉसने काम चोख केलं, विंडोज ७ कमी पडलं. २०१५ मध्ये आलेल्या इंटेलच्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून यूएसबी २ सांभाळणारा जुना ईएचसीआय कंट्रोलर गेला. सगळी यूएसबी पोर्टं, काळीसुद्धा, एक्सएचसीआय या नव्या कंट्रोलरवर चालतात. २००९ च्या विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. त्यामुळे पोर्ट बदलून उपयोग शून्य.

बोर्डवर पीएस/२ पोर्ट असेल तर पीएस/२ कीबोर्ड आणि साटा वायरने जोडलेला डीव्हीडी ड्राइव्ह वापरा; यूएसबीचा ड्राइव्ह त्याच कारणाने अडकेल. इन्स्टॉल झालं की बोर्डच्या सीडीतून यूएसबी ३ चा ड्रायव्हर टाका. पीएस/२ नसेल तर पेनड्राइव्हमधल्या 'बूट.विम' (इन्स्टॉलर चालवणारी) आणि 'इन्स्टॉल.विम' (जिच्यातून विंडोज बसतं ती) दोन्ही फायलींत तो ड्रायव्हर घालावा लागतो. फक्त पहिलीत घातला तर इन्स्टॉल पार पडतं आणि पहिल्या लॉगिनला कीबोर्ड पुन्हा मरतो. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, तेव्हा त्या पीसीला इंटरनेटची वायर लावू नका.

प्रश्न : ब्लूटूथ कीबोर्डने बूट मेन्यू उघडेल का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : डेस्कटॉपवर सहसा नाही, ब्लूटूथची जोडणी विंडोज सुरू झाल्यावरच होते. छोट्या यूएसबी डाँगलवरचा वायरलेस कीबोर्ड मात्र बहुधा चालतो, कारण बायॉसला तो डाँगल साधा यूएसबी कीबोर्ड म्हणूनच दिसतो.