परवा कशा होत्या?

पोरी,

सोमवारी ड्यूटी संपताना तू म्हणालीस, "सिस्टर, मला आयसीयू द्या. ही म्हातारी माणसं झेपत नाहीत, त्यांचा रागच येतो." आणि राग येतो म्हणून रडलीसही. रागाबद्दल मी काही बोलणार नाही. एका रात्रीत चार वेळा चादर बदलली की अजून मलाही येतो.

मला खटकलं ते वेगळंच. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती द्यायची, ती ओव्हर. बारा नंबरच्या आजींची ओव्हर तू एका वाक्यात दिलीस, "कन्फ्युज्ड आहेत, वय आहे." अगं, वय हे काय निदान झालं? परवा कशा होत्या, हे विचारलंस कुणाला?

परवापर्यंत स्वतः चहा करून पिणारी बाई आज सुनेला ओळखत नसेल, तर मधल्या दोन दिवसांत काहीतरी बिघडलंय. म्हातारपण असं दोन दिवसांत येत नाही. लघवीचं इन्फेक्शन असेल, या वयात ते तापाशिवायही असतं. बीपीसाठीच्या लघवीच्या गोळीने सोडियम उतरलं असेल. चार दिवस संडास झाली नसेल. हरवेल म्हणून घरच्यांनी चष्मा आणि कानाचं यंत्र घरी नेलं, एवढ्यानेही भर पडते. ओरडणारीकडे निदान लक्ष तरी जातं. दिवसभर गप्प पडलेली असते ना, "शांत आहेत" म्हणून आपण जिच्यावर खूश असतो, तिच्याबद्दल आधी विचार. परवा कशा होत्या?

नोकरीचं माझं तिसरं वर्ष, फिमेल मेडिकल, नाइट. एक आजी सारख्या उठायच्या. "गोठ्याकडं जायचंय, सोडा मला," म्हणत सलाइन उपसायच्या. मी गॉझ बँडेजने त्यांचे दोन्ही हात कॉटला बांधले. सकाळी कपडे बदलताना मावशी म्हणाली, "सिस्टर, पोट बघा हिचं." ओटीपोट टणक झालेलं. कॅथेटर घातला, बाराशे मिली तुंबलेली लघवी निघाली. आजी शांत झोपल्या. मनगटांवर बँडेजचे वळ तसेच.

मी खेड्यातलीच. आमच्याकडेही बायका रात्री गोठ्यामागेच जायच्या.

त्या रात्री बेचाळीस पेशंट होते, जमिनीवर गाद्या होत्या आणि आम्ही दोघीच, त्यातली एक स्टुडंट. टीचिंग हॉस्पिटलच्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक सिस्टर, हा कागदावरचा निकष तुलाही पाठ असेल. मला कुणी जाब विचारला नाही, तरी बेचाळीसचा आकडा मीच सगळ्यांना सांगत आले. आताही सांगितलाच. पण ओटीपोटावर हात ठेवायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढं त्या रात्री नक्की होतं. तेव्हा "वेळ नव्हता" हे मला ऐकवू नकोस, ते वाक्य माझं आहे.

आयसीयूचा अर्ज दे, मी अडवणार नाही. तिथेही बेडवर बहुतेक हीच माणसं भेटतील, फक्त नळ्या जास्त.

आज नाइटला जरा लवकर ये. बाराची सून साडेसातला डबा घेऊन येते आणि आठला वॉचमन तिला बाहेर काढतो.