पेढे आधीच वाटले होते

"हरल्यापासून मुलगी गातच नाही, काय करू?" असं विचारणारे पालक मला दर दोन-चार महिन्यांनी भेटतात. त्यावर नेदरलँड्समधल्या ॲम्स्टेलवीन गावातल्या एका मराठी घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ज्युनियर युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातल्या देशांमधली, 9 ते 14 वर्षांच्या मुलांची गाण्याची स्पर्धा. त्यासाठी आधी देशात निवड होते. नेदरलँड्समधल्या निवडीत ही दहा वर्षांची पोर पहिल्याच फेरीत बाद झाली. तेव्हापासून रियाज बंद, बाथरूममधलं गाणंही बंद.

आईने माझ्यासमोर ऑडिशनचा व्हिडिओ लावला. "बघा ना, कुठे चुकली?" मुलगी मान खाली घालून पाण्याच्या बाटलीवरचं स्टिकर नखाने खरवडत होती.

मी समजूत घालायला गेले. म्हटलं, अगं, 2005 ते 2015 पर्यंत या स्पर्धेत प्रत्येकाला आधीच 12 गुण देऊन ठेवायचे, कुणाला शून्य मिळू नये म्हणून. ती वर न बघता म्हणाली, "मग ते खरे थोडेच?" माझी विकेट पडली.

आईला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने मुलगी बोलली. "आजोबांनी कोल्हापुरात पेढे वाटले. आता सुट्टीत गेलो की सगळे विचारणार."

अर्ज भरला त्याच दिवशी आईने फॅमिली ग्रुपवर 'आमची युरोव्हिजनला' असं टाकलं होतं. हरल्याचं काय, ते आठवड्याभरात विरलं असतं. पेढे कसे परत घेणार?

बाबांचं म्हणणं, स्पर्धाच वाईट. 2003 ची पहिली स्पर्धा जिथे झाली तो डेन्मार्कही मुलांवर ताण येतो म्हणून 2006 मध्ये बाहेर पडला, हे खरं. पण आर्मेनियाची छोटी गायिका मलेना 2020 साठी निवडली गेली, देशानेच माघार घेतली, आणि 2021 मध्ये पॅरिसला तीच जिंकली, हेही खरंच. मुलीला मात्र हे सांगितलं नाही. तिला ते 'पुढच्या वर्षी तू' असंच ऐकू आलं असतं.

पालकांना दोनच कामं दिली: तो व्हिडिओ मोबाइलमधून काढायचा आणि रियाजाचं नाव काढायचं नाही. तिसरं आजोबांना. त्यांनी फोन करून सांगितलं, "पेढे मला खायचे होते गं, तुझं निमित्त केलं."

तीन आठवड्यांनी आईचा मेसेज आला, "भांडी लावताना गुणगुणतेय. रेकॉर्ड करू?"

मी लिहिलं, "नको."