वीस हजारांत घरचा स्टुडिओ

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेटी वाजवतो, गातो. आमची वरची खोली पत्र्याची, खिडकी रस्त्यावर. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, वीस हजार साठवलेत. मित्र म्हणतो, कंडेन्सर माइक घे आणि भिंतींना फोम लाव. काय करू?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : फोम आधी यादीतून काढा. तो इंचभर जाडीचा फोम आवाजातली वरची चरचर तेवढी शोषतो. खोलीचा घुमारा तसाच राहतो, आणि रिक्षाचा हॉर्न तर त्याला जुमानतही नाही. घरात वाकळा असतीलच; गाताना आपल्या पाठीमागे दोरीवर दोन टाका. पाठीमागे अशासाठी, की माइकचं तोंड तुमच्याकडे असतं आणि मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्याला थेट जातो. माइकची पाठ खिडकीकडे करा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा माइक, पाठीकडून सगळ्यांत कमी ऐकतो.

कंडेन्सर चांगलाच असतो, पण तुमच्या खोलीत नको. त्याला 48 व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधून माइकला जाणारी वीज) दिली, की तो तुमच्या गळ्याबरोबर खालच्या कुकरची शिट्टीही टिपेल. साधा डायनॅमिक माइक घ्या आणि ओठांपासून चार बोटांवर धरून गा. जवळून गायलं की गेन (माइकचा आवाज वाढवणं) कमी लागतो, म्हणून बाहेरचा गोंगाटही कमी येतो. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर मात्र गुमान चहा घ्यावा.

पैशांचा मोठा वाटा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि कान पूर्ण झाकणारे क्लोज्ड-बॅक हेडफोन यांना द्या. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण हवंच. ते नसेल तर स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरून उशिरा कानात येतो आणि ताल सुटतो. स्पीकर आत्ता नकोत. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर घ्या : जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं, 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक परवाना 60 डॉलरचा. त्यात रेकॉर्डिंग 24 बिटला ठेवा, आणि मीटरवर आवाजाची उंच टोकं उणे 12 डेसिबलच्या आसपास.

आता पेटी. माइक एकच आहे, तेव्हा पेटी आधी, गाणं नंतर. भात्याकडून माइक लावू नका, हवेची फसफस येते. पट्ट्यांच्या बाजूनं, दीड फूट वरून लावा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : जुन्या पेटीचा सूर आजच्या प्रमाण मापाला, म्हणजे 440 हर्ट्‌झला असेलच असं नाही. सॉफ्टवेअरमधला तानपुरा किंवा बासरी जोडणार असाल, तर ती वाद्यं काही सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर-खाली करून पेटीला जुळवा. पेटी काही तुमच्यासाठी हलणार नाही.

रेकॉर्डिंगमध्ये घूं आवाज आला, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर केलं, तर नुसते टाळच ऐकू येतात.
— एक वाचक, कागल

उत्तर : मोबाईल टाळकऱ्यांपासून लांब, बुवांच्या समोर स्टँडवर ठेवा. टाळकरी मागच्या रांगेत बसवा. ते रुसतील, पण अभंग ऐकू येईल.